चलान म्हणजे निकाल नव्हे

(बेसा, नागपूर येथे ऑटोचालक, मालवाहू गाड्यांचे चालक आणि कार्यकर्ते यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीचा विषय ऐकून काहींना नवल वाटले असेल. महागाई आहे, बेकारी आहे, शेतमालाचे भाव आहेत. असे असताना गाडी चुकीच्या जागी उभी केल्याच्या पाचशे रुपयांच्या दंडावर एक संध्याकाळ का खर्च करावी, असा प्रश्न एका जुन्या कार्यकर्त्याने मला येथे येण्यापूर्वीच विचारला. मी त्यांना म्हणालो, सामान्य माणसाची आणि राज्यसंस्थेची गाठ चौकात पडते. तेथे त्याला जसे वागविले जाईल तसा त्याचा लोकशाहीवरचा विश्वास वाढतो किंवा विटतो. म्हणून पाचशे रुपयांचा हा प्रश्न मी लहान मानत नाही.

बैठकीपूर्वी येथल्या काही ऑटोचालकांशी बोललो. त्यांच्यापैकी एकाने मोबाईलवर आलेला चलानाचा संदेश दाखविला. आजारी म्हातारीला उतरवून देण्यासाठी ते एका दवाखान्यासमोर थांबले होते. तिला हात धरून पायरीपर्यंत पोहोचविले, परत आले आणि निघाले. संध्याकाळी संदेश आला. मी विचारले, "मग तुम्ही हरकत का घेतली नाही?" ते हसले आणि म्हणाले, "भाऊ, पाचशे रुपयासाठी कोर्टात कोन जाते? एका दिवसाची रोजी जाते ना."

या एका वाक्यात सारा प्रश्न आला. अन्याय पाचशेचा आणि न्याय एका दिवसाच्या रोजीचा, असा हिशेब जेथे पडतो तेथे शहाणा माणूस अन्याय विकत घेतो. असे हजारो शहाणे एकत्र झाले की चुकीचे चलान करणाऱ्याला कधीच जाब द्यावा लागत नाही. आपला विचार या ठिकाणापासून सुरू झाला पाहिजे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. आपण ज्याला 'दंड' म्हणतो तो, ज्या क्षणी चलान हाती पडते त्या क्षणी, दंड नसतो. मोटार वाहन कायदा, 1988 प्रमाणे अपराध ठरवून शिक्षा देण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे. चौकातल्या अधिकाऱ्याला तो अधिकार नाही. त्याच्याजवळ आहे तो कलम 200 खालचा, तडजोडीचा अधिकार. म्हणजे असे की, आरोप तुम्हाला मान्य असेल आणि खटला चालू नये अशी इच्छा असेल, तर ठरलेली रक्कम भरा व मोकळे व्हा. या रकमेचे नावच मुळी तडजोड शुल्क असे आहे. तडजोडीला दोन पक्ष लागतात आणि दोघांची संमती लागते. तुमची संमती नसेल तर उरतो तो केवळ एक आरोप, आणि तो सिद्ध करण्याची जबाबदारी आरोप करणाऱ्यावर असते.

यावर कोणी म्हणेल, हे शब्दांचे खेळ झाले. पैसे तर भरावेच लागतात. तसे नाही. पैसे भरण्याचा आणखी एक परिणाम आहे, आणि तो फार थोड्या चालकांना ठाऊक आहे. 2019 च्या दुरुस्तीने याच कलम 200 मध्ये असे घातले गेले की, तडजोड झाली असली तरी तो अपराध पूर्वी घडलेला अपराध म्हणून धरला जाईल. चुकीच्या जागी गाडी उभी करण्यासारख्या सर्वसाधारण अपराधाला कलम 177 खाली पहिल्या वेळी पाचशे रुपयांपर्यंत आणि पुढच्या वेळी दीड हजारांपर्यंत दंड आहे. महाराष्ट्रात ही वाढीव तडजोड शुल्के डिसेंबर 2021 मध्ये लागू झाली. म्हणजे जो अपराध तुम्ही केलाच नाही त्याचे पाचशे रुपये आज निमूटपणे भरलेत, तर उद्याच्या दीड हजारांचा पाया तुम्हीच घातलात. "जाऊ द्या, भरून टाकू" हे वाक्य वाटते तेवढे स्वस्त नाही.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्रत्येक चलान अन्यायाचे असते असे समजणे आपल्याला शोभणार नाही. पदपथावर चढवलेली गाडी अंध माणसाला रस्त्यात ढकलते. वळणावर उभा केलेला ट्रक दुचाकीस्वाराचा जीव घेऊ शकतो. कायद्याचे कलम 122 सांगते की, सार्वजनिक जागी इतरांना धोका, अडथळा किंवा अवाजवी गैरसोय होईल अशा रीतीने वाहन उभे ठेवू नये. यासाठी तेथे फलक असलाच पाहिजे असेही नाही. 2017 च्या चालनविषयक विनियमांनीही वाहन कोठे थांबवू नये याचे बंधन घातले आहे. जो खरोखर चुकला त्याने शुल्क भरावे आणि पुन्हा चुकू नये. आपण रस्त्यावरच्या सर्वांत दुबळ्या माणसाच्या बाजूचे आहोत, आणि तो माणूस बहुधा पायी चालणारा असतो. हे मनाशी पक्के केले तरच बाकीचे बोलण्याचा आपला अधिकार राहतो.

मग अन्यायाचे चलान कोणते? आपल्या नेहमीच्या अनुभवातले प्रकार घेऊ.

पहिला प्रकार फलकाचा. जेथे मनाई केवळ आदेशाने केलेली आहे, तेथे ती लोकांना कळली पाहिजे. कलम 116 खालचे वाहतूक फलक त्यासाठीच असतात. पण आपल्या शहरांत काय दिसते? 'नो पार्किंग'च्या फलकावर कोणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लटकलेला असतो. पुढाऱ्याचे हास्य दिसते, मनाई दिसत नाही. आणि चलान मात्र खाली उभ्या असलेल्या छोटा हत्तीच्या चालकाला मिळते. वाहतूक फलक झाकणारी जाहिरात काढून टाकण्याचा अधिकार पोलीस अधीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याला देण्याची तरतूद याच कलमात आहे. ते काम झाले नाही, तर त्याचा भुर्दंड चालकाने का सोसावा?

दुसरा प्रकार गाडी उचलून नेण्याचा. बर्डी, इतवारी, महाल या भागांत ज्यांची रोजची ये-जा आहे त्यांना हा विषय समजावून सांगण्याची गरज नाही. कलम 127 प्रमाणे, दहा तास किंवा त्याहून अधिक काळ सोडून दिलेले अथवा कायद्याने मनाई असलेल्या जागी उभे केलेले वाहन हलविता येते. परंतु त्याला मंजुरी देणारा, त्या हद्दीचा, गणवेशातला पोलीस अधिकारी असावा लागतो. कंत्राटदाराच्या मुलांनी आपल्या मर्जीने गाडी उचलावी अशी मुभा कायद्याने दिलेली नाही. त्यांच्या कंत्राटाचे उत्पन्न उचललेल्या गाड्यांच्या संख्येवर ठरत असेल, तर त्यांची नजर अडथळ्यावर राहील की सोप्या सावजावर, हे सांगायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही. मोठी मोटार उचलणे कठीण, दुचाकी उचलणे सोपे. दुचाकीवर कोण फिरतो ते आपण जाणतो.

तिसरा प्रकार छायाचित्राचा. ई-चलान आल्यापासून समोरासमोर बोलण्याची संधी गेली. गाडी किती वेळ उभी होती, चालक आत बसला होता की नव्हता, कोणाला उतरवीत होता की काय, हे एका चित्रावरून कळत नाही. 2021 साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत घातलेल्या नियम 167-अ ने यंत्राच्या आधारे केलेल्या चलानासाठी काही पथ्ये सांगितली: अपराध आणि गाडीचा क्रमांक स्पष्ट दिसेल असा पुरावा हवा, तारीख, वेळ, स्थळ आणि मोडलेले कलम नमूद हवे, आणि सूचना 15 दिवसांत पाठविली गेली पाहिजे. पुढे जुलै 2025 मध्ये राज्याच्या वाहतूक पोलीस मुख्यालयालाच परिपत्रक काढून, खासगी मोबाईलवर चित्रे काढून मग सवडीने चलान करू नये, अशी ताकीद आपल्या कर्मचाऱ्यांना द्यावी लागली. त्याच महिन्यात राज्यातल्या मालवाहतूकदारांनी ई-चलानाच्या जाचाविरुद्ध बंद पुकारला होता. तक्रार काल्पनिक असती तर परिपत्रक निघाले नसते.

आता प्रत्यक्ष काय करावयाचे ते क्रमाने सांगतो. ज्यांना लिहून घ्यावयाचे असेल त्यांनी घ्यावे.

सर्वांत महत्त्वाचा पुरावा त्या दिवशी, त्या जागी असतो. चलान कळताच शक्य तितक्या लवकर तेथे जावे आणि चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. फलक कोठे आहे, तो दिसतो की झाकलेला आहे, रस्त्यावर पट्टे आहेत की पुसले गेले आहेत, हे त्यांत आले पाहिजे. समोरच्या पानठेल्यावाल्याने किंवा दुकानदाराने पाहिले असेल तर त्याचे नाव टिपून ठेवावे. प्रवाशाची नोंद, मालाची पावती, दवाखान्याचा कागद, यांतले जे असेल ते जपावे. आठ दिवसांनी फ्लेक्स निघून जातो आणि तुमचा पुरावाही त्याच्याबरोबर जातो.

त्यानंतर चलान नीट वाचावे. गाडीचा क्रमांक तुमचाच आहे काय? कित्येकदा एका अंकाच्या चुकीने दुसऱ्याचे पाप आपल्या माथी येते. स्थळ व वेळ जुळते काय? कोणते कलम लावले आहे? चित्रात जे दिसते त्यावरून ते कलम लागू होते काय?

मग लेखी हरकत. राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर आणि महाट्रॅफिक ॲपवर चलानाविरुद्ध तक्रार नोंदविण्याची सोय आहे. ती वापरावी, पण तिच्यावरच विसंबू नये. वाहतूक शाखेच्या कार्यालयात कागदावर अर्ज द्यावा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घ्यावा. अर्जात रागाचे एकही वाक्य नसावे. "माझे वाहन अमुक वेळी अमुक ठिकाणी अमुक कारणासाठी थांबले होते, तेथे मनाईचा फलक दिसत नव्हता, छायाचित्रे सोबत जोडली आहेत, आरोप मला मान्य नाही, चलान रद्द करावे, अन्यथा प्रकरण न्यायालयापुढे ठेवावे" एवढे पुरे. शेवटचे वाक्य विसरू नका. त्यातून तुम्ही पळत नाही हे स्पष्ट होते. हे सारे चलान आल्याच्या आठवड्यातच करावे, आणि चलानावर जी मुदत छापलेली असेल ती टळू देऊ नये. मुदत गेल्यानंतरच्या मौनाचा अर्थ संमती असा लावला जाण्याचा धोका असतो.

याच्या जोडीला माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा. 2005 च्या या कायद्याखाली दहा रुपयांच्या शुल्कात, तीस दिवसांत उत्तर मिळण्याचा हक्क आहे. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एका विषयापुरता आणि साधारण 150 शब्दांत असावा. विचारावयाचे एवढेच: या रस्त्यावर वाहन उभे करण्यास मनाई करणारा आदेश कोणत्या तारखेचा आहे, त्याची प्रत द्यावी, फलक कधी लावला, गाडी उचलली असल्यास त्या वेळी कोणता अधिकारी उपस्थित होता आणि कंत्राटाच्या अटी काय आहेत. आदेशच निघालेला नसेल, तर तुमची निम्मी लढाई तेथेच जिंकली जाते.

प्रकरण न्यायालयात गेले तर घाबरण्याचे कारण नाही. कलम 208 प्रमाणे अशा किरकोळ अपराधांत स्वतः किंवा वकिलामार्फत हजर राहता येते. मनीऑर्डरने दंड पाठवून अपराध कबूल करण्याची सवलतही त्याच कलमात आहे. ती सवलत आहे, सक्ती नव्हे. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, औद्योगिक कामगारांना आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना 1987 च्या कायद्यानुसार विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. आणखी एक गोष्ट जुन्या चलानांबद्दल. ज्या अपराधाला केवळ दंडाचीच शिक्षा आहे, त्याची दखल घेण्याची मुदत सहा महिन्यांची आहे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेत होती, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 514 मध्ये आहे. विलंब माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, हे खरे. पण वर्षानुवर्षांची जुनी चलाने एकदम पुढे करून वसुली करू पाहणाऱ्याला ही मुदत दाखवून देणे हा तुमचा हक्क आहे.

लोकअदालतीची नोटीस आली म्हणजे अनेकांची धावपळ होते. 2021 पासून महाराष्ट्रात अशी चलाने लोकअदालतीपुढे मोठ्या संख्येने ठेवली जाऊ लागली. लोकअदालत चांगली संस्था आहे, पण तिचे काम समेट घडविण्याचे आहे. निर्दोष ठरविण्याचे ते व्यासपीठ नाही, आणि तेथे एकदा झालेल्या निवाड्यावर अपील नसते. ज्याची चूक झाली आहे त्याने तेथे जाऊन सवलत मिळवावी. ज्याची चूक नाही त्याने तेथे नम्रपणे सांगावे की, मला तडजोड नको, माझे म्हणणे न्यायालयात ऐकून घ्यावे.

दोन अडचणी राहतात. गाडी उचलून नेलेली असेल तर हरकतीच्या निकालापर्यंत थांबणे पोटावर गाडी असलेल्या माणसाला परवडत नाही. त्याला पैसे भरून ती सोडवावीच लागते. तरीही पावती घेतल्यावाचून पैसे देऊ नयेत. तडजोड शुल्क किती आणि गाडी ओढून नेण्याचा आकार किती, हे वेगवेगळे लिहून घ्यावे. गाडीला ओरखडा पडला असेल तर आवारातच चित्र घ्यावे आणि त्याच दिवशी लेखी तक्रार द्यावी. चौकात अडवून "जुनी चलाने भरा, नाही तर गाडी जमा" असे कोणी म्हणाले, तर कलम 207 वाचावयास सांगावे. गाडी अडकवून ठेवण्याची जी कारणे त्यात आहेत, त्यांत परवाना, नोंदणी, परमिट यांचा समावेश आहे; चुकीच्या जागी गाडी उभी केल्याचे थकलेले चलान त्यांत नाही.

दुसरी अडचण किरायाने ऑटो चालविणाऱ्यांची. संदेश मालकाच्या मोबाईलवर जातो, मालक पैसे भरून टाकतो आणि चालकाच्या हिशेबातून कापून घेतो. चालकाला आपली बाजू मांडण्याची संधीच मिळत नाही. मालकांशी बोलून एवढा नियम केला पाहिजे की, चलान आले की त्याच दिवशी ते चालकाला दाखवावे आणि चालकाच्या संमतीवाचून भरू नये. कलम 133 प्रमाणे पोलिसांनी मागितल्यास चालकाची माहिती मालकाने द्यावयाची असते. तेव्हा चालक कोण होता हे कायद्यालाही महत्त्वाचे वाटते. मालकाला का वाटू नये?

साथींनो, इंग्लंड आणि वेल्समध्ये स्थानिक संस्थेने लावलेल्या पार्किंगच्या दंडाविरुद्ध आधी त्या संस्थेकडे आणि नंतर तिच्याशी संबंध नसलेल्या स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. त्यासाठी शुल्क नाही आणि बहुतेकांना कामही बुडवावे लागत नाही. खासगी जागेवर परवानगीवाचून गाडीच्या चाकाला कुलूप ठोकण्याचा धंदा तेथे 2012 च्या कायद्याने बंद केला. तो भांडवलशाही देश आहे. तरी दाद मागणे दंडापेक्षा महाग असता कामा नये एवढे तत्त्व त्याने मानले. चलान देणारा एक आणि हरकत ऐकणारा दुसरा, संध्याकाळच्या वेळी ऐकून घेणारा आणि रोजी न बुडविणारा, अशी व्यवस्था नागपुरातही व्हावी ही मागणी आपण केली पाहिजे.

आता बेशाविषयी. येथे काही वर्षांपूर्वी शेते होती. ले-आऊट पडले, इमारती उभ्या राहिल्या, ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. माणसे आली, गाड्या आल्या. पण ऑटोने कोठे उभे राहावे, मालाची गाडी कोठे रिकामी करावी, याचा विचार कोणी केला? कलम 117 मध्ये स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून वाहने उभी करण्याच्या व थांबण्याच्या जागा ठरविण्याची तरतूद आहे. इमारतीला वाहनतळ असलाच पाहिजे असे विकास नियंत्रण नियमावली सांगते. एखाद्या इमारतीच्या वाहनतळात दुकाने थाटली जातात तेव्हा गिऱ्हाइकाची गाडी रस्त्यावर येते, तिच्यामुळे ऑटोची जागा जाते आणि चलान ऑटोवाल्याला मिळते. जागा खाणारा सुटतो आणि जागा हरवलेला भरतो. म्हणून जेथे मनाईचा फलक लागेल तेथून जवळच थांबण्याच्या जागेचाही फलक लागला पाहिजे, असा ठराव आपण नगरपंचायतीपुढे नेऊ.

शेवटी कार्यकर्त्यांशी दोन शब्द. एखाद्या चालकाला चलान झाले की तो तुमच्याकडे येतो, तुम्ही ओळखीच्या साहेबांना फोन लावता आणि काम होते. त्याला वाटते, आपला माणूस मोठा आहे, तुम्हालाही वाटते. पण त्या फोनने काय झाले? चलान अन्यायाचे असेल तर जो हक्क होता तो तुम्ही मेहेरबानीत बदलला. ते न्यायाचे असेल तर पायी चालणाऱ्याचा हक्क तुम्ही विकला. आणि ज्याच्याजवळ तुमचा नंबर नाही, त्याचे चलान तसेच राहिले. वशिल्याने एक चलान सुटते, पद्धत सुटत नाही. उलट ती अधिक घट्ट होते.

त्याऐवजी एवढे करा. आठवड्यातून एक संध्याकाळ येथेच टेबल लावून बसा. आलेल्या प्रत्येक चलानाची वहीत नोंद करा: तारीख, स्थळ, कलम, कारण. ज्याची चूक दिसते त्याला तोंडावर सांगा की, भाऊ, हे भरून टाका. ज्याची चूक नाही त्याचा अर्ज लिहून द्या. एकाच जागेची दहा चलाने वहीत जमली, तर दहा माणसांनी दहा दिवस बुडविण्याची गरज नाही. दहांचे मिळून एक निवेदन, माहितीचा एक अर्ज आणि एक वकील पुरेल. ज्या हिशेबाने अन्याय स्वस्त झाला आहे, तो हिशेब अशाच रीतीने उलटविता येतो. एकट्याला न्याय महाग पडतो, दहांना तो परवडतो.

1923 साली याच नागपुरात सिव्हिल लाईन्सकडे झेंडा घेऊन जाण्यास बंदी होती. ती मोडण्यासाठी देशभरातून सत्याग्रही आले, रस्त्यावर उभे राहिले आणि आपण काय केले ते उघडपणे सांगून तुरुंगात गेले. आपले आजचे काम त्यामानाने फार सोपे आहे. जे केले असेल ते कबूल करावयाचे आणि जे केले नाही ते कोणाच्याही धाकाने कबूल करावयाचे नाही.

त्या ऑटोचालक बांधवांच्या चलानाची मुदत अजून संपलेली नाही. त्यांचा अर्ज आज, ही बैठक संपल्यावर, याच टेबलावर लिहू या.